खाण्याचा विकार असताना बिघडलेली झोप कशी सावरायची

अ‍ॅनोरेक्सिया (वजनाच्या भीतीनं उपाशी राहणं), बुलिमिया (भरमसाट खाऊन मग उलटी, जुलाब किंवा उपासानं ते भरून काढणं) किंवा बिंज इटिंग (ताबा सुटून भरमसाट खाणं) असलेल्या माणसाची झोप बहुधा बिघडलेलीच असते. पडल्यावर तासन्‌तास डोळा लागत नाही, पहाटे तीनला टक्क जाग येते, नाहीतर रात्रभर स्वयंपाकघराच्या फेऱ्या होतात. उपाय शोधायला गेलं की ठरलेले सल्ले मिळतात: रात्री हलकं जेवा, झोपण्याआधी तीन तास काही खाऊ नका, संध्याकाळी घाम गाळा, झोप आली नाही तर उठून काहीतरी काम करा. निरोगी माणसाला हे चालतं. खाण्याच्या विकारात मात्र यातला जवळजवळ प्रत्येक सल्ला आजाराच्या हाती कोलीत देतो. उपाशी राहायला, चोरून व्यायाम करायला आणि मध्यरात्री एकटं फिरायला त्यातून आयतं कारण मिळतं.

म्हणून इथला क्रम वेगळा आहे. आधी धोका तपासायचा, मग दिवसाचं खाणं लावायचं, मग रात्रीकडे वळायचं. झोपेचं औषध सगळ्यात शेवटी, आणि तेही आजाराची पूर्ण माहिती असलेल्या डॉक्टरांकडूनच. हे सगळं उपचारांच्या जोडीनं करायचं आहे, उपचारांऐवजी नाही.

आधी धोका तपासा

पाच मिनिटं शांत बसा आणि मनगटावर पूर्ण 60 सेकंद नाडी मोजा. 15 सेकंद मोजून चारनं गुणू नका, कारण अनियमित ठोके त्यात निसटतात. जागेपणी, बसलेल्या अवस्थेत ठोके 50 च्या खाली असतील तर त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. 40 च्या खाली असतील तर थेट रुग्णालयात जा. चक्कर येऊन पडणं, छातीत दुखणं, गोंधळल्यासारखं होणं किंवा फिट येणं यांपैकी काही झालं तर ठोके कितीही असोत, रुग्णालयातच जायचं. ‘मी व्यायाम करते म्हणून ठोके कमी आहेत’ हे स्पष्टीकरण ईसीजी काढल्याशिवाय मान्य करू नका. उपासमारीत हृदय मंदावतं आणि बाहेरून ते खेळाडूच्या हृदयासारखंच दिसू शकतं.

उलट्या, जुलाबाची औषधं किंवा लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील आणि रात्री धडधड होत असेल, पायात गोळे येत असतील किंवा अंगातलं बळ गेल्यासारखं वाटत असेल, तर रक्तातलं पोटॅशियम घसरलेलं असू शकतं. त्याची तपासणी सकाळवर ढकलू नका. भूक मारायला भरपूर पाणी पिणाऱ्यांत सोडियम उतरतं. डोकं दुखणं, मळमळ आणि गोंधळ ही त्याची लक्षणं. टाइप 1 मधुमेह असताना वजनासाठी इन्सुलिन कमी घेत असाल, तर रात्रीची तहान आणि वारंवार लघवी हा झोपेचा प्रश्न समजू नका. त्याला लगेच उपचार लागतात.

पाच दिवसांपेक्षा जास्त काळ जवळजवळ काहीच खाल्लेलं नसेल किंवा वजन फार उतरलेलं असेल, तर पुढे सांगितलेलं खाणं घरच्या घरी एकदम सुरू करू नका. उपाशी शरीरात अन्न वेगानं गेलं की फॉस्फेट, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम पेशींत ओढले जातात आणि रक्तात ते धोकादायक पातळीपर्यंत खाली येतात. याला रिफीडिंग सिंड्रोम म्हणतात. अशा वेळी रक्ततपासण्या आणि थायमिन (जीवनसत्त्व बी1) डॉक्टरांच्या देखरेखीखाली हवं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. खाण्याच्या विकारात आत्महत्येचा धोका वाढतो आणि सततच्या निद्रानाशानंही तो वाढतो. दोन्ही एकत्र असताना ‘नको हे जगणं’ असा विचार येत असेल, तर तो त्याच रात्री कुणाला तरी सांगा. एकटे राहू नका. आत्महत्या प्रतिबंधक हेल्पलाइन किंवा रुग्णालय यांपैकी जे जवळ असेल तिथे संपर्क करा.

झोप नेमकी कशानं मोडते

कमी खाण्यामुळे होणारा निद्रानाश आधी समजून घ्या, कारण त्यालाच सगळ्यात जास्त चुकीचं नाव दिलं जातं. ‘टेन्शन’ म्हणून त्याची बोळवण होते. पोटात पुरेसं काही नसताना यकृतातला साखरेचा साठा रात्रीतून आटतो. रक्तातली साखर टिकवण्यासाठी शरीर अ‍ॅड्रिनलिन आणि कॉर्टिसॉल सोडतं, आणि हीच जागं करणारी रसायनं आहेत. शिवाय भुकेल्या प्राण्यानं झोपून राहण्यापेक्षा अन्न शोधावं अशी मेंदूची मूळ रचना आहे. म्हणून पहाटे दोन ते चारच्या सुमारास जाग येते, छाती धडधडते, अंगाला घाम येतो, हातपाय स्वस्थ राहत नाहीत. गाढ झोपेचा भागही घटतो. 1944-45 मध्ये अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शरीरक्रियाशास्त्रज्ञांनी 36 निरोगी तरुणांना जवळजवळ सहा महिने अर्धपोटी ठेवलं. त्यांच्यातल्या कुणालाही आधी खाण्याचा विकार नव्हता. तरी ते थंडीनं कुडकुडू लागले, चिडचिडे आणि उदास झाले, आणि त्यांच्या डोक्यात दिवसरात्र अन्नच घोळू लागलं. उपाशी मेंदू असाच वागतो. त्यात स्वभावाचा दोष नसतो.

बुलिमियात चित्र वेगळं असतं. दिवसभर रोखलेलं खाणं संध्याकाळनंतर उसळतं, बिंज आणि उलटी उशिरापर्यंत चालते, आणि झोपेची वेळ एक-दोनच्या पुढे सरकते. आडवं पडल्यावर आम्ल वर येतं, घसा जळतो. संध्याकाळी घेतलेलं जुलाबाचं औषध रात्री पोटात कळा आणतं. बिंज इटिंगमध्ये वजन जास्त असेल तर स्लीप अ‍ॅप्नियाची (झोपेत श्वास वारंवार थांबण्याच्या आजाराची) शक्यता तपासायलाच हवी. मोठ्यानं घोरणं, श्वास थांबल्यासारखा होऊन दचकून जाग येणं, सकाळी डोकं जड असणं आणि दिवसा बसल्या बसल्या डुलकी लागणं ही त्याची लक्षणं. अ‍ॅप्नियानं झोप तुटली की दुसऱ्या दिवशी भूक आणि गोडाची ओढ वाढते. मग बिंज होतं आणि दोष आपल्या निश्चयाला दिला जातो. झोपेची तपासणी केली तर हे चक्र मधेच तोडता येतं.

रात्री उठून खाण्याचे दोन प्रकार आहेत आणि त्यांची गल्लत सर्रास होते. नाइट इटिंग सिंड्रोमचं वर्णन 1955 मध्ये मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी केलं. यात माणूस पूर्ण शुद्धीत असतो आणि काय खाल्लं ते सकाळी आठवतं. दिवसाच्या एकूण खाण्यातला किमान 25 टक्के भाग रात्रीच्या जेवणानंतर जातो, किंवा आठवड्यातून किमान दोन रात्री उठून खाणं होतं, आणि हे तीन महिने किंवा जास्त चालतं. सकाळी भूक नसते, संध्याकाळी मन खाली जातं, आणि ‘खाल्ल्याशिवाय झोप येणारच नाही’ अशी खात्री असते. दुसरा प्रकार झोपेत खाण्याचा, म्हणजे झोपेत चालण्याच्या जातीचा. यात सकाळी अर्धवट आठवतं किंवा काहीच आठवत नाही. ओट्यावर उघडी पाकिटं दिसतात, हाताला भाजलेलं किंवा कापलेलं असतं, आणि कधी कच्चं, गोठलेलं किंवा न खाण्याजोगं काहीतरी पोटात गेलेलं असतं. पहिल्याचा उपचार दिवसाच्या खाण्यापासून सुरू होतो, दुसऱ्याचा औषधांच्या यादीपासून. म्हणून ‘आठवतं का?’ हा प्रश्न सगळ्यात आधी विचारा.

दोन आठवड्यांची वही

कागदाची साधी वही घ्या आणि उठल्यावर पाच मिनिटांत लिहा. अंथरुणात किती वाजता गेलो, साधारण किती वेळानं झोप लागली, किती वेळा जाग आली आणि कशानं (लघवी, भूक, घाम, जळजळ, दुखणं, विचार, पायांची वळवळ), शेवटी किती वाजता उठलो. त्याच पानावर आदल्या दिवशी कोणत्या वेळांना खाल्लं ते टिपा. फक्त वेळ लिहा. कॅलरी, प्रमाण आणि वजन या वहीत येऊ देऊ नका. चहा-कॉफीची शेवटची वेळ आणि घेतलेली औषधं टिपा. उलटी झाली असेल तर एक खूण पुरे.

झोप मोजणारं घड्याळ किंवा अ‍ॅप वापरू नका. ज्या मनानं आधीच अन्नाचे आकडे पकडून ठेवले आहेत, ते झोपेचे आकडेही तसेच पकडतं. ‘गाढ झोप 38 मिनिटं’ असा आकडा पाहून सकाळच बिघडते, आणि मनगटावरच्या घड्याळाचं गाढ झोपेचं मोजमाप इतकं विश्वासार्हही नसतं. रात्री घड्याळाचं तोंड भिंतीकडे फिरवून ठेवा. जाग आल्याची वेळ सकाळी अंदाजानं लिहिली तरी चालते.

पंधरा दिवसांनी वही वाचा. ज्या दिवशी दुपारचं खाणं चुकलं, त्याच रात्रीची झोप मोडलेली दिसते का ते पाहा. हा मेळ स्वतःच्या अक्षरात दिसला की पुढची पायरी पटायला सोपी जाते.

दिवसाचं खाणं लावा

झोपेसाठी सगळ्यात परिणामकारक उपाय हाच, आणि सगळ्यात अवघडही हाच. तीन जेवणं आणि दोन-तीन मधली खाणी, दोन खाण्यांत तीन-चार तासांपेक्षा जास्त खंड नाही. उठल्यावर तासाभरात पहिलं खाणं. भूक लागेल तेव्हा खाऊ असं ठरवू नका. या आजारात भुकेची खूण एकतर दबलेली असते किंवा भलत्याच वेळी उसळते. सध्या घड्याळावर खायचं.

नाइट इटिंगमध्ये सकाळी घास उतरत नाही. तिथे लहान सुरुवात करा: पहिला आठवडा अर्धा कप दूध किंवा एखादं फळ, पुढच्या आठवड्यात त्यासोबत ब्रेडचा एक तुकडा, असं हळूहळू वाढवा. सकाळचं आणि दुपारचं खाणं भरलं की रात्रीची ओढ आपोआप सैल होऊ लागते. उलट बाजूनं, म्हणजे आधी रात्रीचं खाणं निर्धारानं तोडायचं असं केलं, तर दिवसभराची तूट तशीच राहते आणि तिसऱ्या-चौथ्या रात्री बांध फुटतो.

कॉफीचं वेगळं सांगावं लागतं, कारण इथे ती भूक मारण्यासाठी प्यायली जाते. कॅफिनचं शरीरातलं प्रमाण निम्म्यावर यायला साधारण पाच-सहा तास लागतात. दुपारी चारच्या कपातलं निम्मं कॅफिन रात्री नऊ-दहाला अंगात असतं. दुपारी बारानंतर कॅफिन नको. कडक चहा, ग्रीन टी, डाएट कोला, व्यायामाआधीची पावडर आणि वजन उतरवायच्या गोळ्या या सगळ्यांत ते असू शकतं, म्हणून लेबल वाचा. एकदम बंद केल्यास डोकं दुखतं. दर दोन-तीन दिवसांनी एक कप कमी करा आणि त्या जागी ठरलेलं मधलं खाणं ठेवा, नाहीतर मोकळी झालेली भूक संध्याकाळी बिंज होऊन येते. सिगारेटही उत्तेजकच आहे. दारूनं डोळा लवकर लागतो, पण रात्रीचा उत्तरार्ध तुटतो आणि खाण्यावरचा ताबाही सुटतो.

रात्रीचं शेवटचं खाणं

रात्रीचं जेवण झोपेच्या साधारण तीन तास आधी घ्या, आणि झोपण्याआधी पाऊण-एक तास छोटं खाणं. यात पिष्टमय पदार्थ आणि त्यासोबत प्रथिनं किंवा स्निग्ध काहीतरी हवं: एक कप दूध आणि केळं, दही आणि मूठभर सुकामेवा, ब्रेडवर पीनट बटर. पिष्टमय भागानं रक्तातली साखर सावरते आणि प्रथिनं-स्निग्धामुळे पोट हळू रिकामं होऊन ती पहाटेपर्यंत टिकते. नुसतं फळ किंवा नुसतं सूप घेतलं तर दोन-तीन तासांत पोट पुन्हा रिकामं होतं आणि जाग ठरलेल्या वेळी येते. हेच खाणं आजाराला सगळ्यात जास्त खुपतं, कारण ‘अंधार पडल्यावर खायचं नाही’ हा त्याचा आवडता नियम असतो. काय खायचं ते दुपारीच लिहून ठेवा. दमलेल्या मनाला रात्री निर्णय घ्यायला लावू नका.

फार काळ कमी खाल्लेल्यांचं पोट हळू रिकामं होतं. थोडं खाल्लं तरी तट्ट वाटतं, फुगल्यासारखं होतं, आणि ‘इतकं भरलं असताना झोपू कशी’ अशी घालमेल सुरू होते. अशा वेळी शेवटचं खाणं पातळ ठेवा (दूध, दह्याचं पेय, डॉक्टरांनी दिलेलं पोषक पेय), कच्च्या भाज्या, कोंडा आणि फसफसणारी पेयं रात्री टाळा, खाल्ल्यावर अर्धा तास बसून राहा. पोट फुगणं काही आठवड्यांच्या नियमित खाण्यानं कमी होत जातं. जेवण कमी करून ते बरं होत नाही, उलट लांबतं.

छातीत जळजळ असेल तर पलंगाच्या डोक्याकडच्या पायांखाली 15 ते 20 सेंटिमीटरचे भक्कम ठोकळे ठेवा. नुसत्या उशा रचल्या तर कंबरेत वाकून पोटावर दाब येतो आणि आम्ल आणखी वर येतं. डाव्या कुशीवर झोपा. उलटी झालीच तर साध्या पाण्यानं किंवा चिमूटभर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यानं चूळ भरा. लगेच ब्रश केल्यानं आम्लानं मऊ झालेलं दातांचं आवरण झिजतं. आणि लगेच आडवं होऊ नका.

अंथरूण आणि अंग

झोपेची खोली गार हवी असं सगळीकडे सांगतात. वजन कमी असलेल्यांना गार खोलीत झोपच लागत नाही, कारण शरीर उष्णता वाचवण्यात गुंतलेलं असतं. पायमोजे, टोपी आणि एकावर एक पातळ पांघरुणं घ्या. गरम पाण्याची पिशवी कापडात गुंडाळून वापरा आणि झोप लागण्याआधी बाजूला काढा. बधिर, थंड त्वचेला चटका कळत नाही आणि रोज एकाच जागी शेक दिल्यास जाळीदार डाग पडतात. खूप कढत पाण्यानं अंघोळ करून झटकन उभं राहिलं तर रक्तदाब पडून चक्कर येते. त्यापेक्षा खुर्चीत बसून दहा मिनिटं कोमट पाण्यात पाय ठेवा.

हाडं टोचत असतील तर गादीवर मऊ थर घाला, कुशीवर झोपताना दोन गुडघ्यांमध्ये उशी ठेवा, आणि माकडहाडावर लाली किंवा जखम दिसली तर डॉक्टरांना दाखवा. खाणं वाढू लागल्यावर रात्री कपडे भिजेपर्यंत घाम येऊ शकतो. चयापचय पुन्हा पेट घेत असल्याची ती खूण असते आणि काही आठवड्यांत ओसरते. उशाशी कोरडे कपडे आणि एक टॉवेल ठेवा, पांघरूण एकच जाड न घेता थरांचं घ्या. घामासोबत ताप असेल तर मात्र तपासणी हवी.

लघवीसाठी वारंवार उठत असाल तर दिवसभरात पाणी कधी आणि कशासाठी पितो ते वहीत पाहा. झोपेआधीच्या दोन तासांत भूक मारायला प्यायलेलं पाणी बंद करा. एकूण पाणी तोडू नका, विशेषतः उलट्या किंवा जुलाब चालू असतील तर. उलट्या किंवा जुलाबाची औषधं नुकतीच थांबवली असतील तर पायांवर सूज येते, आणि आडवं झाल्यावर तेच पाणी परत रक्तात येऊन रात्री लघवीला नेतं. संध्याकाळी तासभर पाय उंचावर ठेवल्यास रात्रीच्या फेऱ्या कमी होतात. ही सूज आणि तिच्यामुळे काट्यावर दिसणारी वाढ पाण्याची असते. सूज उतरवायला लघवीची गोळी घेतली तर शरीर पुन्हा पाणी धरतं आणि सगळं चक्र पहिल्यापासून सुरू होतं. सूज वाढत गेली, धाप लागली, किंवा नुकतंच खाणं वाढवलं असताना ती आली, तर डॉक्टरांना कळवा.

संध्याकाळ होताच पायांत वळवळ, ओढ, आणि हलवल्यावर बरं वाटणं, असं असेल तर त्याला रेस्टलेस लेग्ज म्हणतात. लोह कमी असताना हे वाढतं. फेरिटिनची (शरीरातला लोहाचा साठा दाखवणारी) रक्ततपासणी करायला सांगा. अहवालात ‘नॉर्मल’ लिहिलेलं असलं तरी 75 मायक्रोग्रॅम प्रतिलिटरच्या खालची पातळी या त्रासात उपचारायोग्य मानली जाते. लोहाच्या गोळ्या स्वतःहून सुरू करू नका. सर्दीच्या किंवा झोपेच्या काही गोळ्यांतलं डायफेनहायड्रमिन आणि काही नैराश्यावरची औषधं ही वळवळ वाढवतात, तेही डॉक्टरांना विचारा.

पलंगावर चोरून बैठका-उठाबशा चालत असतील तर तो वेगळा प्रश्न समजा आणि थेरपिस्टला स्पष्ट सांगा. या अस्वस्थतेमागे उपासमारीची प्रेरणा असते. थकवा आणून झोप मिळवायचा तो मार्ग नाही, कारण व्यायामानं तूट आणखी वाढते.

मध्यरात्री जाग आली तर

वीस-एक मिनिटं झोप लागली नाही तर अंथरुणातून उठावं, हा नियम बरोबर आहे. पण कुठे जायचं हे आधी ठरलेलं हवं. स्वयंपाकघर, आरशाची खोली आणि वजनकाटा यांपासून दूर एक खुर्ची लावा. तिथे मंद दिवा, शाल आणि हातांना गुंतवणारं हलकं काम ठेवा: विणकाम, चित्र रंगवणं, आधी वाचलेलं पुस्तक. फोन दुसऱ्या खोलीत. पाककृती आणि शरीराचे फोटो या वेळी मनाला सगळ्यात जास्त ओरबाडतात. बसून राहा, येरझाऱ्या घालू नका. डोळे जड झाले की परत जा.

भूक लागून जाग आली असेल आणि दिवसात एखादं खाणं चुकलं असेल, तर त्या चुकलेल्या खाण्याएवढं, आधीच बाजूला काढून ठेवलेलं काहीतरी बसून खा. अपराधी वाटलं तरी खा. शरीर थकबाकी मागतंय, आणि ती दिली की झोप लागते. दुसऱ्या दिवशीचं पहिलं खाणं त्या बदल्यात वगळायचं नाही. ही अट मोडली की रात्रीचं खाणं सवय होऊन बसतं.

दिवसाचं खाणं नीट झालं असूनही नाइट इटिंगची ओढ आली, तर खुर्चीत दहा मिनिटं थांबून मनातलं वाक्य कागदावर लिहा. बहुधा ते ‘खाल्लं नाही तर सकाळपर्यंत जागा राहीन’ असंच असतं. मग न खाता अंथरुणात जा आणि खरंच किती वेळ जागे राहिलात ते सकाळी टिपा. पाच-सहा रात्रींच्या नोंदी झाल्या की त्या वाक्याचा जोर कमी होतो.

‘आज काय काय खाल्लं’ याची उजळणी अंधारात सुरू होत असेल, तर तिला संध्याकाळी जागा द्या. सहा-सातच्या सुमारास पंधरा मिनिटं, वहीत, उद्याच्या खाण्याच्या वेळांसह. रात्री तोच विचार आला की ‘लिहून झालं’ एवढंच मनाशी म्हणा. रोज म्हटलं तरच उपयोग होतो.

उठण्याची वेळ आणि प्रकाश

झोपायची वेळ आपल्या हातात पूर्ण नसते, उठायची असते. ती आठवड्याचे सातही दिवस अर्ध्या तासाच्या आत सारखी ठेवा आणि उठल्यावर वीस-तीस मिनिटं बाहेरच्या उजेडात बसा. बिंजमुळे रात्र पुढे सरकलेल्यांना याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो, आणि पहिलं खाणंही वेळेवर येतं. दिवसाची डुलकी दुपारी तीनच्या आत आणि अर्ध्या तासाची. वजन फार कमी असलेल्यांनी डुलकीवर फार कडक राहू नये.

निद्रानाशासाठीच्या वर्तन-उपचारात झोपेची खिडकी, म्हणजे अंथरुणात घालवायचा वेळ, आवळतात. समजा साडेआठ तास अंथरुणात काढून सहा तास झोप लागते, म्हणजे कार्यक्षमता (अंथरुणातल्या वेळातला झोपेचा वाटा) सुमारे 71 टक्के. मग अंथरुणातला वेळ कमी करतात, आणि ती 85 टक्क्यांच्या वर गेली की पुन्हा वाढवतात. निद्रानाशावर हा उपाय उत्तम आहे. खाण्याच्या विकारात तो स्वतःहून करू नका. कमी वजनाच्या शरीराला झोपेची आणखी तूट परवडत नाही, जागेपणाचे वाढीव तास बिंजच्या वाट्याला जातात, आणि स्वतःला काहीतरी नाकारण्याची सवय असलेलं मन खिडकी गरजेपेक्षा जास्त आवळतं. फिट किंवा बायपोलर आजार असेल तर तो धोक्याचाही आहे. प्रशिक्षित थेरपिस्टसोबत, वजन आणि खाणं स्थिरावल्यावर मात्र जरूर करावा.

औषधांबद्दल

डॉक्टरकडे झोपेची तक्रार सांगताना उलट्या, जुलाब आणि उपास लपवले तर चुकीचं औषध हातात येऊ शकतं. पोटॅशियम किंवा मॅग्नेशियम कमी असताना आणि ठोके मंद असताना काही झोपेच्या आणि मनाच्या औषधांनी हृदयाची लय बिघडते. ट्रॅझोडोन, क्वेटियापिन आणि हायड्रॉक्सिझिन ही त्यातली नेहमी लिहून दिली जाणारी नावं. आधी ईसीजी आणि रक्ततपासणी मागा. बुप्रोपिऑन हे नैराश्यावरचं औषध बुलिमिया किंवा अ‍ॅनोरेक्सिया असलेल्यांना देत नाहीत, कारण फिट येण्याचा धोका वाढतो. धूम्रपान सोडवण्यासाठीही तेच औषध देतात, तेव्हा तिथेही आजार सांगा.

झोल्पिडेमसारख्या झोपेच्या गोळ्यांनी झोपेत खाणं, चालणं, गाडी चालवणंही घडलेलं आहे. अमेरिकेच्या औषध नियामक संस्थेनं 2019 मध्ये झोल्पिडेम, एस्झोपिक्लोन आणि झॅलेप्लॉन यांच्यावर सर्वांत कडक स्वरूपाचा इशारा लावला. सकाळी न आठवणारं खाणं गोळी सुरू झाल्यानंतर लागलं असेल तर पुढची गोळी घेण्याआधी डॉक्टरांना फोन करा.

बुलिमियात नैराश्यावरचं फ्लुओक्सेटिन 60 मिलिग्रॅमपर्यंत देतात; त्यानं झोप उडत असेल तर ते सकाळी घ्यायचं. बिंज इटिंगसाठी दिलं जाणारं लिसडेक्सअँफेटामिनही सकाळीच. दुपारी घेतलं तर रात्र जाते, शिवाय ते भूक मारतं, म्हणून दुपारचं जेवण घड्याळावर घ्यावं लागतं. गोळीनंतर उलटी झाली तर अंदाजानं दुसरी गोळी घेऊ नका, विचारून घ्या.

घरच्यांनी काय करायचं

रात्री दाराआड उभं राहून कान देऊ नका आणि डबे मोजून ठेवू नका. त्यानं खाणं आणखी लपतं. शेवटचं खाणं मात्र सोबत बसून घ्या आणि त्यानंतर तासभर सोबत राहा. उलटीची ओढ याच वेळात सगळ्यात जास्त असते. या तासात अन्न, वजन आणि ‘आज किती छान खाल्लंस’ हे तिन्ही विषय नकोत. रात्री कुणाला उठवायचं ते नाव घेऊन ठरवा. ‘कधीही उठव’ असं मोघम सांगितलं की कुणीच उठवत नाही.

झोपेत खाणाऱ्याच्या घरी रोज रात्री गॅसचा मुख्य कॉक बंद करा. सुऱ्या, काडेपेटी, औषधं आणि साफसफाईची रसायनं कुलपात ठेवा, अ‍ॅलर्जी असलेला पदार्थ घरात ठेवू नका, खोलीच्या दाराला उघडताच वाजणारी घंटा लावा. त्या अवस्थेत माणूस दिसला तर हलवून जागं करू नका. हळू आवाजात बोलत अंथरुणाकडे न्या. जमलं तर वेळ आणि काय दिसलं ते लिहून ठेवा. तज्ज्ञांना रात्रभराची झोपेची तपासणी ठरवताना ही टिपणं आणि दोन आठवड्यांची वही दोन्ही लागतात, तेव्हा पहिल्याच भेटीत ती सोबत न्या.